दोन मिली रक्तासाठी दीड वर्ष

पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रबंधाचा विषय निवडताना मी 'बंदिवासातील वाघ व बिबट यांच्या रक्तचाचण्या' असं लिहून दिलं, तेव्हा वर्गातल्या मैत्रिणीनं एकच विचारलं होतं, "गायी-म्हशी काय वाईट होत्या?" तिचा प्रश्न रास्त होता, हे पुढच्या दीड वर्षात मला कळलं. या वाटेला जाणाऱ्या मुलामुलींचे अधूनमधून फोन येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

मी नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते. ज्या वन्यप्राणी केंद्रात नमुने घेतले त्याचं नाव इथे देत नाही, कारण तिथल्या जनावरांच्या तब्येतीबद्दल लिहायचं आहे. नागपुरातच होतं, एवढं पुरे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रबंधाचा सारांश विभागात मंजूर झाला. पुढची पायरी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची. समितीचा पहिलाच प्रश्न होता, "फक्त संशोधनासाठी वाघाला भूल देणार का?" उत्तर 'नाही' असंच हवं आणि ते अर्जाच्या पहिल्या पानावर हवं. माझ्या अर्जात ते सातव्या पानावर होतं. उपचारासाठी, स्थलांतरासाठी किंवा वार्षिक तपासणीसाठी जनावराला भूल दिली जाईल, तेव्हाच मी रक्त घेईन, असं लिहून दिल्यावर मार्चअखेर मंजुरी मिळाली. ही अट मला तेव्हा जाचक वाटली होती. आता कोणी ती काढायला निघालं, तर मीच विरोध करीन.

मग वनखात्याची परवानगी. वाघ आणि बिबट दोघेही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत, त्यामुळे संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी घ्यावी लागते. ते कार्यालय सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात आहे, आपल्या गावातच. इतर जिल्ह्यांतल्या मुलांना त्यासाठी रात्रीची गाडी पकडून यावं लागतं, मला स्कूटीवर वीस मिनिटं लागायची. चूक मात्र माझीच झाली. कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनुसूची नव्यानं मांडल्या गेल्या. मी अर्ज जुन्या नमुन्यावरून उतरवला होता. शिवाय जनावरांची संख्या 'उपलब्धतेनुसार' अशी मोघम लिहिली होती. अर्ज परत आला. दुसऱ्या अर्जात प्रजाती, जास्तीत जास्त किती जनावरं, एका वेळी किती मिली रक्त, नमुना कुठून कुठे जाणार, कुठे साठवणार आणि काम संपल्यावर उरलेल्या सीरमचं, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचं, काय करणार, हे सगळं लिहिलं. रक्ताची नळी केंद्राच्या फाटकाबाहेर न्यायची तरी ती पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा नमुना असते. म्हणून वाहतुकीचा उल्लेख परवानगीतच करून घ्या, नाहीतर त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. माझी परवानगी १९ जुलैला हातात आली. अर्जापासून मोजले तर साडेतीन महिने.

ते महिने वाया गेले नाहीत. रेबीजच्या लसीचे तीन डोस घेतले, ते काम सुरू व्हायच्या आधीच व्हायला हवेत. खरेदीही तेव्हाच केली. पेशी मोजायला जांभळ्या आणि सीरमसाठी लाल झाकणाच्या नळ्या, ग्लुकोजसाठी करड्या झाकणाच्या, बटरफ्लाय सुया, साडेसहाशेची बर्फाची पेटी, स्लाइड्स, त्या रंगवायचा जिम्सा स्टेन. सगळ्यात मोठा खर्च बायोकेमिस्ट्रीच्या किटचा, सगळे मिळून अडतीस हजार. किटवरची मुदत बघून घ्या. परवानगी यायच्या आधी मागवलेले दोन किट माझ्या पहिल्या नमुन्याआधीच मुदतबाह्य झाले.

पहिला नमुना ११ ऑगस्टला घेतला. पायाला जखम झालेल्या एका नर वाघाला ड्रेसिंगसाठी भूल द्यायची होती. आदल्या संध्याकाळपासून त्याचं खाणं बंद होतं, कारण झायलाझीन या भुलीच्या औषधानं मांजरकुळातल्या जनावरांना उलटी होते आणि भरल्या पोटी ती श्वासनलिकेत जायचा धोका असतो. सकाळी साडेसहाला डॉक्टरांनी भुलीच्या इंजेक्शनचा डार्ट लांबून मारला. मला वाटलं होतं की वाघ झोपला म्हणजे डोळे मिटेल. सोबतच्या केटामिन या भुलीच्या औषधात डोळे उघडेच राहतात. डोळ्यांत मलम घालून वर पट्टी बांधेपर्यंत ते पिवळे डोळे माझ्याकडेच बघत होते, आणि सुई माझ्या हातात थरथरत होती. डॉक्टरांनी मला मागच्या पायाच्या आतल्या बाजूची शीर दाखवली. दहा मिली रक्त मिळालं. पावणेदोनशे किलोच्या जनावराला त्याची जाणीवही होत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते, कारण ती कोणी आधी सांगितली असती तर माझे पहिले पाच नमुने जास्त कामाचे ठरले असते. मी त्या दिवशी वहीत फक्त 'नर, वाघ, ११ ऑगस्ट' एवढंच लिहिलं. डार्ट किती वाजता मारला, तो किती वाजता आडवा झाला, पहिला डार्ट चुकला होता का, त्याआधी तो पिंजऱ्यात किती फेऱ्या मारत होता, सुई किती वाजता शिरली, यातलं काहीच लिहिलं नाही. आणि रिपोर्टमध्ये ग्लुकोज आला २४०.

मधुमेह? नाही. झायलाझीन इन्सुलिन रोखतं, त्यामुळे साखर वाढते. घाबरलेल्या मांजरकुळातल्या जनावराची साखर भुलीच्या औषधाशिवायही वाढते. घाबरलं की प्लीहा आकसते आणि तिच्यात साठलेल्या लाल पेशी रक्तात येतात, म्हणून पीसीव्ही, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, वर जातो. भूल चढली की प्लीहा सैल पडते, पेशी पुन्हा तिच्यात जमा होतात आणि तोच पीसीव्ही खाली येतो. म्हणजे एकाच जनावराचं रक्त पिंजऱ्यात दाबून धरून घेतलं, की अर्ध्या तासानं भुलीखाली घेतलं, यावर ते ॲनिमिक दिसेल की नाही हे ठरतं. पांढऱ्या पेशींचंही तसंच. ताण बराच वेळ राहिला की न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल घटतात, आणि नवख्याला वाटतं की कुठेतरी जंतुसंसर्ग आहे. सहाव्या नमुन्यापासून मी मिनिटांचा हिशेब लिहायला लागले. पहिल्या पाचांचे आकडे प्रबंधात वेगळ्या तक्त्यात टाकावे लागले.

नळ्या भरायचा क्रमही महत्त्वाचा. आधी लाल, मग जांभळी. जांभळीतल्या ईडीटीएचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा, एक थेंब जरी लालमध्ये गेला तरी पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. एका बिबट्याचं कॅल्शियम इतकं कमी आलं की तो जिवंत कसा, असा प्रश्न पडावा. तो तर त्या संध्याकाळी तीन किलो मटण खाऊन बसला होता. सीरम तासाभरात वेगळं करा, नाहीतर लाल पेशी नळीतली साखर खात राहतात. बर्फाच्या पेटीत नळी थेट बर्फाला टेकवू नका, मध्ये रुमाल ठेवा, नाहीतर पेशी फुटतात आणि सीरम गुलाबी होतं.

सुरुवातीला वेळ वाचावा म्हणून मी काही नमुने एका खासगी लॅबमध्ये दिले. रिपोर्टवर संदर्भ मर्यादा, म्हणजे निरोगी रक्तात आकडा किती ते किती असतो ते, माणसाच्या छापलेल्या. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन वाघाचं २.६ आलं आणि त्यापुढे लाल बाण. केंद्रातल्या एका नव्या कर्मचाऱ्यानं तो कागद पाहून किडनी गेली असंच समजून फोनाफोनी केली. वाघात दोन-अडीच क्रिएटिनिन नेहमीचंच असतं, अंगात स्नायूच तेवढे. प्लेटलेट तर माणसाच्या मशिनवर मोजूच नयेत. मांजरकुळात लाल पेशी लहान, प्लेटलेट मोठ्या आणि पुन्हा त्यांचे पुंजके होतात. मशीन एकाला दुसरं समजतं. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याची स्लाइड मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. एका स्लाइडला पाऊण तास लागायचा.

स्लाइड आणखी एका कारणासाठी बघायची. २००० साली ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत डझनभर वाघ ट्रिपॅनोसोमा या रक्तातल्या परजीवीच्या संसर्गात दगावले. गुराढोरांत 'सर्रा' नावानं माहीत असलेला हा आजार चावऱ्या माश्यांतून पसरतो, आणि त्याचा जंतू रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. पावसाळ्यात नागपुरात माश्या किती होतात हे मी सांगायला नको. माझ्या एकाही स्लाइडवर तो सापडला नाही. प्रत्येक वेळी शेवटचं क्षेत्र बघून झाल्यावर मी सुटकेचा श्वास सोडायचे. पावसाळ्यात स्लाइड लवकर वाळत नाही आणि पेशींच्या कडा काटेरी दिसतात, म्हणून लगेच पंख्यासमोर धरायची आणि मिथेनॉलमध्ये बुडवायची.

२२ सप्टेंबरच्या रात्री नागपुरात जो पाऊस झाला तो कोणी विसरणार नाही. पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माझी खोली त्याच भागात, तळमजल्यावर. जाग आली तेव्हा पाणी पलंगाच्या पायाशी होतं. घरमालकीण काकूंनी हाक मारून वर ओढून घेतलं. नोंदवही खालच्या कप्प्यात राहिली. दोन दिवसांनी चिखलातून काढली तेव्हा जेल पेननं लिहिलेली सगळी पानं निळी झाली होती. मागच्या आठवड्यातल्या चार नमुन्यांच्या वेळा मात्र शाबूत होत्या, कारण त्या दिवशी पेन संपलं म्हणून मी केंद्रातल्या काकांची पेन्सिल घेतली होती. शहरात त्या रात्री लोकांचे जीव गेले, संसार वाहून गेले, त्यापुढे माझी वही म्हणजे काहीच नाही. पण त्यानंतर मी फक्त पेन्सिलनं लिहिते आणि त्याच संध्याकाळी पानाचा फोटो काढून ठेवते.

काका म्हणजे तिथले सगळ्यात जुने कीपर, जनावरांची देखभाल करणारे. आणि काकांची लाडकी म्हणजे सगुणा.

सगुणा ही मादी बिबट २०१५ साली विहिरीतून काढून आणलेली. पुढच्या पंजाची बोटं फासात अडकून गेलेली, म्हणून जंगलात सोडता आली नाही. ऑक्टोबरमध्ये दात दुखावल्यामुळे तिला भूल दिली, तेव्हा मी रक्त घेतलं. क्रिएटिनिन २.३. बिबट्याला खपून जाईल असा आकडा. मी वहीत लिहिला आणि पुढे गेले.

डिसेंबरमध्ये माझ्या मार्गदर्शक सरांसमोर तोवरचे आकडे ठेवले. एकोणीस जनावरं, तेरा बिबट, सहा वाघ. प्रबंधाच्या शीर्षकात मी 'संदर्भ मर्यादा निश्चिती' असं लिहिलं होतं. सरांनी तो शब्द खोडला. म्हणाले, "चांगली रेंज काढायला एकशेवीस निरोगी जनावरं लागतात. विसाच्या खाली तर काढूच नये, असं मार्गदर्शक तत्त्वांत आहे. तुझ्याकडे एका प्रजातीची तेरा, त्यातली निरोगी किती?" मी गप्प बसले. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांचे आकडे एकत्र करणारी स्पीशीज३६० ची प्रणाली आहे, तिच्यातले अपेक्षित आकडे तुलनेला वापरता येतात. पण सरांनी दुसरंच काम दिलं. "केंद्रातल्या जुन्या फाइली काढ. प्रत्येक जनावराचे आधीचे रिपोर्ट शोध. त्याची तुलना त्याच्याशीच कर."

महिनाभर मी रेकॉर्ड रूममध्ये बसले. थंडीचे दिवस, खिडकीतून ऊन यायचं, काका दुपारी संत्री आणून द्यायचे. २०२१ च्या फाइलमध्ये सगुणाचा पंजाच्या शस्त्रक्रियेच्या वेळचा रिपोर्ट मिळाला. क्रिएटिनिन १.६, वजन ४१ किलो. ऑक्टोबरमध्ये तिचं वजन होतं ३७. स्नायू घटले की क्रिएटिनिन कमी व्हायला हवं, तिचं वाढलं होतं. छापील मर्यादेत बसणारा २.३ हा आकडा तिच्यासाठी ठीक नव्हता. किडनीचं काम साधारण तीन चतुर्थांश गेल्यावरच क्रिएटिनिन मर्यादेबाहेर जातं, तोवर थांबलो असतो तर उशीर झाला असता. मी त्या संध्याकाळी काकांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पानी लय पेते आजकाल. म्या सांगतलं होतं, पन थंडीत कोनाले पटते?"

त्यांचं ते वाक्य मी प्रबंधात टाकू शकले नाही, पण निदानात त्याचा वाटा माझ्या मशिनएवढाच होता. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याची फरशी नुसत्या पाण्यानं धुऊन कोरडी केली, फिनाइल टाळलं, आणि सकाळी सिरिंजनं लघवी ओढून घेतली. लघवीचा घट्टपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०१४. मांजरकुळातल्या निरोगी जनावराची लघवी घट्ट असते, १.०३५ च्या वर. डॉक्टरांनी तिचा आहार बदलला, हाडांचं प्रमाण कमी केलं, मांसात पाणी मिसळायला सुरुवात केली आणि पाण्याचं आणखी एक भांडं ठेवलं.

मग प्रश्न आला पुढच्या तपासण्यांचा. आजारी किडनीच्या म्हाताऱ्या मादीला दर दोन महिन्यांनी भूल देणं म्हणजे चाचणीनंच तिला मारणं. डॉक्टरांनी शेपटीचा मार्ग सुचवला. बिबट्याच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंनी शिरा जातात. जनावर पिंजऱ्यात शांत बसलं आणि शेपटी फटीतून बाहेर घेऊ दिली, तर भुलीशिवाय रक्त मिळतं. जगात अनेक ठिकाणी हे करतात. ते शिकवावं मात्र लागतं, आणि शिकवणारा तिच्या ओळखीचा हवा.

जानेवारी २०२४ पासून काका रोज सकाळी साडेसात वाजता तिला छोट्या पिंजऱ्यात बोलवायचे. पुढून मी लांब चिमट्यानं कोंबडीचा तुकडा द्यायची, मागून ते शेपटीला नुसता हात लावायचे. तीन आठवडे फक्त हात. मग पकड, एक श्वासभर, मग दोन. मग ओला कापूस. स्पिरिटच्या वासानं ती उसळली आणि दोन दिवस पिंजऱ्यात आलीच नाही. माझ्या मुदतीचे दिवस मोजत मी अस्वस्थ झाले. काका म्हणाले, "कावून घाई करता म्याडम? थे येते. आपन बसून राहू." आम्ही बसून राहिलो. आधी कोमट पाण्याचा बोळा, मग थोडं स्पिरिट, असं केल्यावर तिनं मान्य केलं. मग सुईच्या टोपणाचा टोचा. एप्रिलमध्ये ऊन चढायला लागलं तशी वेळ साडेपाचवर आणली.

२७ एप्रिलला पहिल्यांदा सुई आत गेली. तिनं कान मागे टाकले, गुरगुरली, आणि तुकडा चावत राहिली. आधी लाल नळी, मग जांभळी. दोन्ही मिळून दोन मिली. शेपटी सोडल्यावरही ती पाच मिनिटं तिथेच बसून होती. क्रिएटिनिन २.७, वजन ३७.५. ग्लुकोज ११२. त्या ग्लुकोजच्या आकड्याचा मला जो आनंद झाला तो कोणाला समजावून सांगणं कठीण आहे. भूल नाही, भीती नाही, तेव्हाचं तिचं खरं रक्त मी पहिल्यांदा पाहत होते.

ऑगस्टमध्ये प्रबंध सादर केला, नोव्हेंबरमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी नमुन्यांची संख्या कमी असल्याचं विचारलं. शीर्षकातला खोडलेला शब्द दाखवला, प्रत्येक जनावराचा स्वतंत्र तक्ता दाखवला, ते मानले. प्रती, बाइंडिंग आणि वनखात्याला द्यायची प्रत धरून साडेपाच हजार गेले. परवानगीतल्या अटीप्रमाणे अहवाल वेळेत द्या, पुढच्या विद्यार्थ्याची परवानगी त्यावर अवलंबून असते.

जानेवारी २०२५ मध्ये नागपूरच्याच गोरेवाडा बचाव केंद्रातल्या तीन वाघांच्या आणि एका बिबट्याच्या मृत्यूमागे बर्ड फ्लू होता, हे निष्पन्न झालं. आमचं केंद्र वेगळं असलं तरी दुसऱ्याच दिवशी कच्ची कोंबडी बंद झाली आणि फाटकाशी पाय बुडवायची कुंडी दुप्पट मोठी झाली. सगुणाच्या सरावातला तुकडाही कोंबडीचाच होता. मटणाचा दिला तर तिनं हुंगून बाजूला सारला. पुन्हा हात लावण्यापासून सुरुवात.

शिक्षण संपलं तरी मी जात होते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी काकांनी मला फोन करून बोलावलं. मी पोचले तेव्हा ती पिंजऱ्यात येऊन बसलेली होती आणि शेपटी फटीतून बाहेर टाकली होती, कोणी न ओढता. मी हातमोजे चढवले. काकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि वेळ लिहिली, सात वाजून बावीस मिनिटं.